अभयारण्य कोणाचे?

(देवपूर, धुळे येथे सातपुड्याच्या सहलीस निघालेल्या युवक कार्यकर्त्यांपुढील भाषणाचा मजकूर)



देवपुराहून अमळनेर, चोपडा या मार्गाने यावल गाठले की उत्तरेस सातपुडा उभा राहतो. त्याच्या कुशीतील सुमारे 177 चौरस किलोमीटर वन 1969 साली यावल अभयारण्य म्हणून जाहीर झाले. लंगडा आंबा, जामन्या, पाल ही त्या परिसरातील ठिकाणे. साग, अंजन, सालई यांचे हे रान शहरी पाहुण्यास निर्मनुष्य भासते आणि तेच त्याला भुलवते.

परंतु हे रान कधीच निर्मनुष्य नव्हते. पावरा, भिल्ल, तडवी यांच्या पिढ्या सातपुड्यात नांदल्या. मोहाची फुले आणि चारोळी वेचणारे हात त्यांचे. होळीपूर्वीचा भोंगऱ्या बाजार त्यांचा. वाघदेवाची पूजाही त्यांचीच. ज्या समाजाने वाघाला देव मानले, त्यालाच वाघाचा वैरी ठरवावे, हा व्यवस्थेचा अजब न्याय होय.

या न्यायाचे मूळ परकीय राजवटीत आहे. 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी रान सरकारजमा केले व रानातला माणूस गुन्हेगार ठरला. स्वराज्यात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याचा हेतू स्तुत्य होता. पण गावकऱ्याचे स्थान त्याने संशयिताचेच ठेवले. अखेर 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची स्पष्ट कबुली दिली. वन्यजीवांसाठी गाव हलवायचे झाल्यास ग्रामसभेची संमती त्याने आवश्यक ठरवली. तरीही 13 फेब्रुवारी 2019 रोजी, दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. देशभर उठलेल्या आवाजानंतर 28 फेब्रुवारीस त्याला स्थगिती मिळाली. कागदावरचा हक्क किती अधांतरी असतो, हे त्या पंधरवड्याने दाखवून दिले.

यावर आक्षेप घेतला जातो की, हक्क दिले तर जंगल उरणार नाही. वृक्षतोड झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र कायदा सरसकट सर्वांना जमीन देत नाही. 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा कब्जाच तो मानतो आणि वनाचे रक्षण करण्याचा अधिकार व जबाबदारी ग्रामसभेवर सोपवतो. नव्याने रान तोडणाऱ्यास त्यात आधार नाही. हक्काचा धनी झालेला गावकरी हाच जंगलाचा पहिला राखणदार ठरू शकतो. बेदखलीच्या भयाखाली जगणाऱ्याकडून ती अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

तेव्हा कार्यकर्त्याने तेथे पाहुणा म्हणून जावे. वनखात्याचा परवाना घ्यावाच, पण पाड्यातील वडीलधाऱ्यांनाही विचारावे. देवस्थानी परवानगीवाचून छायाचित्र काढू नये. परतल्यावर वाघाचा ठसा दिसला का, एवढेच सांगू नये. किती पाड्यांना सामूहिक हक्काचे पत्र मिळाले, किती दावे कोणत्या कारणाने अडले, याची नोंद आणावी आणि अडलेल्या दाव्याच्या पाठपुराव्यास उभे राहावे.