सही राहून गेली

नोकरी सोडताना मी कपाटाच्या किल्ल्या परत केल्या, चहावाल्याची उधारी चुकती केली. एक सही मात्र मागे राहून गेली.

इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये मी हिशेबनीस होतो. सायझिंग म्हणजे सुताला खळ चढवण्याचा कारखाना. १९९८ साली मालकांनी पतसंस्थेकडून कॅश क्रेडिट घेतले. "कविराज, जामीन म्हणून एक सही करा. नुसता कागद पुरा करायचाय." कवी म्हणून माझी सही तोवर कुणी मागितली नव्हती! मी केली. मागे आमचे वार्पर उभे होते. "भाई, मी पण करू काय?" "मी केलीय की," मी म्हणालो.

२००३ मध्ये मी नोकरी सोडली. पुढे कारखाना बंद पडला, मालक गाव सोडून गेले. २०११ मध्ये वसुलीची नोटीस आली. व्याजासह ४ लाख ६० हजार.

आधी मालकाला गाठा, मग माझ्याकडे या, असे म्हणता येईल, अशी माझी समजूत. वकिलांनी १८७२ चा करार कायदा उघडला. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडे जाण्याचे बंधन धनकोवर नाही. कलम १३० वाचून तर मी गप्पच झालो. अशी चालू जामीनकी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. मी राजीनामा मालकांना दिला होता. पतसंस्थेला दोन ओळी लिहायच्या राहिल्या. कवितेची एक ओळ महिनाभर घोटणारा मी!

माझ्या कवितेत उर्दू शब्द फार, असे काही समीक्षक म्हणतात. त्यांनी ती नोटीस वाचावी. कर्ज, जामीन, वसूल, जप्त, सगळे अरबीतून आलेले आणि पक्के मराठी झालेले.

आमच्यात जनाजाच्या नमाजाआधी मुलगा उभा राहून विचारतो, मरहूमकडे कुणाचे देणे असेल तर मला सांगा. अब्बांच्या वेळी, २००६ मध्ये, मी ताठ मानेने विचारले होते. माझ्या स्वतःच्या नावावर काय चढते आहे, याची मला कल्पनाही नव्हती.

वार्पर तोवर वारले होते. नोटीस घेऊन वहिनी आल्या. "भाई, तुम्ही सही केली म्हणून ह्यांनी केली." आवाजात राग नव्हता. कायद्याने सहजामीनदाराचा वाटा सारखा, आणि वारसांवर मिळालेल्या मालमत्तेपुरताच. मालमत्ता म्हणजे दोन खोल्या. अर्धे पैसे मागण्याचा हक्क मला होता, हे कबूल करतो. तो मी दोन रात्री मनात घोळवला, हेही कबूल करतो.

तडजोडीत रक्कम ३ लाख १० हजारांवर आली. मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडली, उरलेले हप्त्यांनी फेडले. ती वर्षभर उशिरा कॉलेजला गेली. तिने ते कधी बोलून दाखवले नाही. तिच्या आईने मात्र दाखवले, आणि तिचे बरोबरच होते. भरलेले पैसे मालकांकडून मागता येतात, असेही कायदा सांगतो. मी पत्र पाठवले. पाकीट परत आले.

२०१४ मध्ये 'येणे बाकी नाही' असा दाखला मिळाला, दोघांच्या नावाचा. तो घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी तो मोठ्याने वाचायला लावला. नवऱ्याचे नाव आले तिथे थांबवून पुन्हा वाचायला सांगितले. मग घडी करून रेशन कार्डात ठेवला आणि चहा टाकायला उठल्या.