चॉकलेटचीं जुनीं वेष्टनें

खाऊ संपला कीं वेष्टनाचें काम संपलें, असा व्यवहाराचा हिशेब आहे. मनुष्याचें मन मात्र या हिशेबानें चालत नाहीं. इंग्लंडांत एखाद्या वृद्ध गृहस्थाजवळ चॉकलेटचा विषय काढावा, तर तो चवीविषयीं दोन शब्द बोलेल आणि वेष्टनाविषयीं दहा. श्रोतेहो, या हळहळीला हंसण्यापूर्वीं तिच्यांत तथ्य किती आणि मोह किती, हें पाहणें उचित होईल.

बर्मिंगहॅम येथील कारखानदार रिचर्ड कॅडबरी यांनीं १८६८ च्या सुमारास चॉकलेटच्या पेट्यांवर स्वतः काढलेलीं चित्रें छापण्यास आरंभ केला. त्यांतल्या एका चित्रांत मांजराचें पिलूं हातीं घेतलेली लहान मुलगी होती. चॉकलेट हा त्या काळीं चैनीचा पदार्थ. म्हणून पेटीही अशी नटविलेली असे कीं, ती फेकून देण्याचें कोणाच्या मनांत येऊं नये. आंतला खाऊ चार दिवसांत संपे. पेटींत मात्र पत्रें, फिती आणि गुंड्या वर्षानुवर्षें राहत. महाराष्ट्रांतल्या घरांतूनही बिस्किटांच्या व चॉकलेटांच्या पत्र्याच्या डब्यांनीं सुईदोऱ्याची अशीच सेवा केलेली आहे.

डब्याची ही माया रणांगणावरही सुटली नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धाच्या वेळीं, १९०० सालीं, व्हिक्टोरिया राणीनें आपल्या सैनिकांना चॉकलेटचा एकेक डबा पाठविला. डबे पुरविण्याचें काम कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या तीन कारखान्यांकडे होतें. त्यांचे मालक युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाचे होते. त्यामुळें डब्यावर राणीची छबी झळकली, कारखान्यांचें नांव नव्हे. कित्येक शिपायांनीं तो डबा जपून घरीं धाडला. नॉरफोक परगण्यांतील ऑक्सबरो हॉल या जुन्या वाड्यांत २०२१ मध्यें असा एक डबा सांपडला. १२१ वर्षांनंतरही त्यांतलें चॉकलेट तसेंच होतें. ज्याला तो मिळाला त्यानें खाऊपेक्षां भेटीला अधिक मोल दिलें, असेंच म्हणावें लागेल.

परंतु पेटी आणि डबा हे सणासुदीचे. रोजच्या वडीचें वेष्टन साधें होतें, आणि खरी हळहळ त्याचीच आहे. यॉर्कच्या राउंट्री कारखान्यानें १९३५ सालीं चार कांड्यांची एक वडी काढली. १९३७ मध्यें तिला किटकॅट हें नांव मिळालें. आंत चंदेरी वर्ख, वर तांबड्या कागदाचा पट्टा. दुसऱ्या महायुद्धांत दुधाची टंचाई झाली, तेव्हां वडींतलें दूध गेलें आणि तांबड्या पट्ट्याच्या जागीं निळा आला. वेष्टनाचा रंगच गिऱ्हाइकाला खरें सांगत होता. ही वडी उघडण्याचा एक विधीच होता. पट्टा अलगद सरकवावयाचा, दोन कांड्यांमधल्या खांचेवरून वर्खावर नख फिरवावयाचें, आणि एक कांडी मोडून शेजाऱ्यापुढें करावयाची. उरलेल्या वर्खाची घडी पुन्हां मिटतां येई. रिकामा वर्ख मुलें नखानें गुळगुळीत करून पुस्तकांत ठेवीत. इंग्लंडांत २००१ सालीं हा वर्ख आणि पट्टा दोन्ही गेले, आणि सर्व बाजूंनीं चिकटविलेली प्लॅस्टिकची पिशवी आली. ती एकदां फाडली कीं पुन्हां मिटत नाहीं.

मग जुनें सारेंच चांगलें होतें काय? तसें म्हणतां येणार नाहीं. चॉकलेटांतील स्निग्धांश भोंवतालचा वास चटकन् ओढून घेतो, दमट हवेनें वडीवर पांढुरकी कळा येते, आणि सैल घडींतून किडा सहज आंत शिरतो. २००३ सालीं महाराष्ट्रांत चॉकलेटांत किडे आढळल्याच्या तक्रारी आल्या, सरकारी चौकशी झाली, आणि २००४ च्या आरंभीं उष्णतेनें सर्व बाजूंनीं बंद केलेला वर्ख व त्यावर आणखी एक आवरण, अशी व्यवस्था आली. ज्या आईनें लेंकराच्या हातीं ती वडी दिली, तिला पट्ट्याच्या सौंदर्यापेक्षां या बंदोबस्ताचें मोल अधिक वाटलें असेल, यांत नवल नाहीं.

शिवाय हळहळ मोठी लबाड असते. हॅलिफॅक्स येथें १९३६ सालीं निघालेल्या क्वालिटी स्ट्रीट या मिठाईचे रंगीत पारदर्शक कागद डोळ्यांसमोर धरून मुलांनीं जग कधीं लाल, तर कधीं हिरवें पाहिलें. २०२२ मध्यें बहुतेक मिठायांना त्याऐवजीं मेणाचा हात दिलेला साधा कागद आला. त्या कागदाचा पुन्हां लगदा करतां येतो. तरीही लोक हळहळलेच. म्हणजे जो तो आपल्या बालपणाच्या वेष्टनालाच परंपरा म्हणतो. आजच्या पिशवीसाठींही उद्यां कोणी उसासा टाकील.

तरी या हळहळींत एक तथ्य उरतें. जुन्या वडीचा वर्ख आणि कागद निरनिराळे होते. हातानें वेगळे होत, आणि दोघांनाही पुढला जन्म होता. वर्ख मिटतां येई, म्हणून एक कांडी उद्यांसाठीं आणि एक धाकट्या भावंडासाठीं राही. आजच्या पिशवीनें किडा अडविला, पण ती फाडल्यावर तिचें काय करावें याचें उत्तर तिच्यापाशीं नाहीं. तेव्हां जुनें चित्र परत आणा, एवढाच आग्रह धरणें पोरकट होय. कारखानदाराला विचारावें तें असें : खाऊ निर्धोक राहील, वेष्टन पुन्हां मिटेल, आणि रिकामें झाल्यावर उकिरड्याशिवाय त्याला दुसरी वाट उरेल, असें कांहीं तुम्हांला करतां येईल काय? ज्या दिवशीं याचें उत्तर होकारार्थी येईल, त्या दिवशीं म्हाताऱ्यांची हळहळ सार्थकीं लागली असें समजावें.