खरादावरची चूक

खरादावर लाकूड जोरात फिरत असतं, पटाशीची धार त्यावर टेकलेली असते, आणि अचानक उलटे रेषे येतात किंवा गाठ लागते. पटाशी अडकते, लाटण्याच्या पोटाला खड्डा पडतो. साग असो की बाभूळ, निघालेली ढलपी काही परत बसत नाही.

अशा वेळी आधी खराद थांबवून खड्डा बोटाने चाचपायचा. वरवरचा असेल तर सगळं लाटणं तेवढं उतरवून घ्यायचं. पोळीचं लाटणं बारीक झालं तर ते पापडाला चालतं, नव्हे, पापडाला बारीकच लागतं. खड्डा मुठीपाशी असेल तर तिथे गोल खाच पाडायची आणि दुसऱ्या मुठीवर तशीच जोडीची काढायची. मग ती नक्षीच झाली, त्यात फसवणूक नाही. खेळण्यांचं काम याहून सोपं. सावंतवाडीची किंवा चन्नपट्टणची खेळणी पाहा. जुन्या रीतीत रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाने लाख वितळते, पसरते आणि बारीकसारीक छिद्रं बुजून जातात.

शोभेच्या वस्तूला भोक पडलं तर त्याच लाकडाचा बारीक भुसा सरसात कालवून भरावा. मात्र सरस लागला की भुसा गडद होतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघावं. लाटण्या-पोळपाटात असलं काही भरू नये, ते पिठात उतरतं.

इतपत झाकाझाक मला मान्य आहे. पण पाळण्याच्या खांबाला किंवा बाजेच्या पायाला गेलेला तडा भुशाने बुजवून वर पॉलिश मारणं मला बिलकूल मान्य नाही. किल्लारीत तरी हे कुणी करू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात पडलेल्या आपल्या भिंती बाहेरून चांगल्या जाडजूड होत्या. आत मात्र दगडांचे दोन पदर सुटे, मध्ये माती आणि चिपा, दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचा भार. काही घरांत भिंती ढासळूनही लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या. पुढे घरं मजबूत करताना भिंतींत आरपार सांधे घालणं, माळवदाची माती कमी करणं, खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार ठोकणं हे उपाय सांगितले गेले. नुसत्या गिलाव्याने काही साधलं नसतं.

म्हणून तड्याची शंका आली की लाकडावर ओला फडका फिरवा. बाकी पृष्ठभाग वाळतो, तड्याची रेघ मात्र ओली, काळी राहते. ती रेघ टोकाशीच थांबत असेल तर तेवढं टोक कापून टाकावं. आत शिरली असेल तर तो खांब पाळण्याला वापरू नये. तड्याबाहेरच्या निकोप लाकडातून भोवरे, विट्या निघतात. पाळण्यासाठी चांगलं वाळलेलं दुसरं लाकूड घ्यावं.