मोतीबिंदू आणि खाडा



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमच्यासारख्या कामगार संघटनेतल्या माणसाला चालकांनी बोलावले, तेव्हा मजुरीचा करार, बोनस, नाहीतर सुताचे भाव यांपैकी कशावर तरी आम्ही बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला 'मोतीबिंदू'. त्यावर एकांनी विचारले, "हा डॉक्टरांचा विषय नव्हे काय?" शस्त्र डॉक्टरांनी चालवायचे, हे कबूल. परंतु डोळा डॉक्टरांच्या टेबलापर्यंत नेऊन पोहोचवण्याचे काम रोग्याचेच असते, आणि त्या वाटेवर काय काय आडवे येते हे आम्ही दोनदा पाहिले आहे. एकदा दुसऱ्याच्या बाबतीत आणि एकदा स्वतःच्या.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून हे गाव तारेवर जगत आले आहे, आणि तार म्हणजे नजर. तुटलेली तार वेळीच दिसली नाही तर कापडात दोष राहतो आणि मजुरी कापली जाते. त्यातून वहिफणीचे काम तर निव्वळ डोळ्यांचे. एकेक तार वहीच्या डोळ्यातून ओवून पुढे फणीच्या घरातून काढायची, अशा हजारो तारा. ज्याला आपण अण्णा म्हणतो असा एक माणूस या कामात पस्तीस वर्षे बसला होता. चार वर्षांपूर्वी त्यांना तारा जोडीजोडीने दिसू लागल्या. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला.

गावात पैसे टाकून शस्त्रक्रिया होत होती. अण्णांना परवडणारी होती ती मिरजेला. मिरज म्हणजे 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उभारल्यापासून रुग्णालयांचे गाव म्हणून प्रसिद्ध. तेथे कसब कमी होते असे कोण म्हणेल? अडचण कसबाची नव्हती. अण्णांनी आमच्यासमोर बोटे मोजून हिशेब मांडला. तपासणीचा एक दिवस, रक्तलघवीचा एक, शस्त्रक्रियेचे दोन, मग पट्टी, मग पुन्हा दाखवणे. "आठ खाडं माझं, आन् संगं पोरगा येनार म्हंजे चार खाडं त्याच्या मागांचं. दिवाळी तोंडावर आली पुढारी, काय करू?"

आम्ही काय सांगितले ते आज चारचौघांत कबूल करतो. आम्ही म्हणालो, "अण्णा, अजून पिकलेला नाही. पिकू द्या. दिवाळीनंतर बघू." यात अर्धे अज्ञान होते आणि अर्धा स्वार्थ. बोनसच्या बोलण्यांसाठी आम्हाला अण्णा सभेत हवे होते.

दिवाळी गेली, शिमगा गेला. पावसाळ्यात एका रात्री अण्णांचा तो डोळा लालभडक झाला, अर्धे डोके फुटेल असे दुखू लागले, उलट्या झाल्या. मोतीबिंदू पिकून त्याच्याही पलीकडे गेला होता. अशा वेळी भिंगातला द्रव पाझरतो, डोळ्यातल्या पाण्याची बाहेर जाण्याची वाट त्याने बुजते, आणि आतला दाब वाढून डोळ्यामागची नस मरते. मिरजेच्या डॉक्टरांनी दाब उतरवला, भिंग काढले. पण मेलेली नस पुन्हा जिवंत करता येत नाही. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो.

'पिकू द्यावा' हा सल्ला एके काळी खोटा नव्हता. आपल्या देशात सुश्रुताच्या काळापासून गढूळ भिंग सळईने डोळ्यात मागे लोटण्याची रीत होती. 1747 साली दाविएल नावाच्या फ्रेंच शस्त्रवैद्याने ते कापून बाहेर काढले. पुढची दोनशे वर्षे भिंग काढले म्हणजे जाड काचांचा चष्मा आलाच. तो लावून मनुष्य चाले खरा, पण भांडी मोठी दिसत, पायरी जवळ वाटे आणि बाजूचे काहीच दिसत नसे. इतका त्रास सोसायचा तर नजर अगदी गेल्यावरच सोसावा, हे शहाणपणाचेच होते. महायुद्धात लढाऊ वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे घुसले होते. ते आत राहूनही डोळा चिडत नाही, हे हॅरॉल्ड रिडले या इंग्रज डॉक्टरांनी हेरले आणि 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनमध्ये त्यांनी रोग्याच्या डोळ्यात प्रथमच कृत्रिम भिंग बसवले. 1967 साली अमेरिकेत केलमन यांनी कंप पावणाऱ्या सुईने भिंगाचे तुकडे करून शोषून घेण्याची युक्ती काढली. आणि 1976 साली अकरा खाटांवर मदुराईत डॉ. वेंकटस्वामींनी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने 1992 पासून कृत्रिम भिंगे इथेच बनवून त्यांची किंमत गरिबाच्या आवाक्यात आणली. म्हणजे जुना सल्ला ज्या कारणाने निघाला ते कारण केव्हाच संपले. सल्ला मात्र आमच्या तोंडात तसाच राहिला.

पुढे मोतीबिंदू आमच्याच डोळ्यात उतरला. आमचे शिक्षण मागावर झाले. पाळी सुटली की आपटे वाचन मंदिरात जाऊन जे वाचले तेवढीच आमची विद्या, त्यामुळे वाचता येत नाही हे कबूल करणे फार जड गेले. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटून पसरत. आम्ही म्हणायचो, दिवेच वाईट. शेवटी एका कराराचा मसुदा वाचून दाखवताना दराच्या आकड्यात आम्ही तीनाचा आठ वाचला. सभेत टाळ्या पडल्या. मागाहून खुलासा करावा लागला, तो प्रसंग आम्ही विसरणार नाही. त्याच संध्याकाळी अण्णा घरी आले. म्हणाले, "आता तुमी आमचं ऐका. दिवाळी बगू नगा."

एव्हाना आमच्या भागातल्या एका धर्मादाय रुग्णालयात सवलतीत शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या. घरापासून चालत दहा मिनिटे. आम्ही सोमवारी पाळी सुटल्यावर तपासून आलो. रक्तदाब, साखर पाहिली, यंत्राने डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर काढला. बुधवारी सकाळी घरून न्याहारी करून गेलो. बाहुली मोठी करणारे थेंब दर थोड्या वेळाने घालत होते. डोळ्याच्या खालच्या अंगाला सुई टोचून भूल दिली. तेवढीच काय ती कळ. मग तोंडावर कापड आले आणि वर तीन दिवे दिसू लागले. ते पाण्यात पडल्यासारखे हलत, विरघळत, पुन्हा जुळत. दुखत काहीच नव्हते. यंत्राचा आवाज मात्र चढत उतरत होता, आणि जन्मभर यंत्रांत वावरलेला आमचा कान त्या आवाजावरून काम कुठवर आले याचा अंदाज घेत होता. तीन मिलिमीटरहूनही लहान छेदातून जुने भिंग शोषून काढले, आणि त्याच थैलीत घडी घातलेले नवे भिंग सोडले. टाका एकही नाही. "झाले," असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा वीस मिनिटेही झाली नव्हती. बाहेर बाकावर अण्णा बसले होते. त्यांच्या एका डोळ्याच्या भरवशावर आम्ही पट्टी बांधून घरी चालत आलो आणि दुपारचे जेवण घरीच जेवलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. घरची भिंत निळसर पांढरी आहे हे आम्हाला नव्याने कळले. जुन्या भिंगाने ती कित्येक वर्षे पिवळी दाखवली होती. बायको म्हणाली, "अहो, असे काय बघताय?" तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या आम्ही बघत होतो, त्या केव्हा आल्या हे आम्हाला ठाऊकच नव्हते. पुढे महिनाभर थेंब घालणे, डोळा न चोळणे, डोक्यावरून पाणी न घेणे, ओझे न उचलणे एवढी पथ्ये पाळली आणि वाचायला साधा चष्मा घेतला.

आता हिशेब पाहा. रोग तोच, शस्त्रक्रिया त्याच जातीची. आमचे एकंदर खाडे तीन, आणि सोबत्याचा अर्धा दिवस. अण्णांचे, नुसते जायचे म्हटले तरी बारा. त्या खाड्यांच्या फरकात अण्णांचा डोळा गेला. डोळा मोतीबिंदूने गेला असे कागदावर लिहिलेले असेल. आम्ही तसे म्हणणार नाही.

म्हणून आमच्या संघटनेने एक वही घातली आहे. कोणाच्या डोळ्याची तारीख कधी, आणि त्या दिवशी रिकाम्या पाळीचा कोण सोबत जाणार, हे तीत लिहितात. मुलाचा खाडा त्याने वाचतो. मोतीबिंदू विरघळवणारे औषध म्हणून कोणी थेंब विकू लागला तर ते घेऊ नयेत. असे औषध निघालेले नाही. सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम 1976 पासून आहे, त्याखाली सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. तपासणी कारखान्याच्या दारात व्हावी; शस्त्रक्रिया मात्र स्वच्छ शस्त्रक्रियागृहातच, आणि ते जवळ असावे, हा हट्ट आपण सर्वांनी धरला पाहिजे. ज्यांचा कामगार विमा भरला जातो त्यांना आजारपणात सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळू शकते. पिकावर मजुरी घेणाऱ्या आपल्या किती कामगारांचा विमा भरला जातो, हे सभागृहातल्या मालक मंडळींनी आपल्या मनालाच विचारावे.

अण्णांच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला होता. तो पिकू दिला नाही. गेल्या पौषात त्याच रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया झाली, आणि या खेपेस बाहेरच्या बाकावर आम्ही होतो. ते पुन्हा वहिफणीला बसतात. पूर्वीइतके भराभर नव्हे, पण तार चुकत नाहीत. आज ते समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि इथून त्यांचा चेहरा आम्हाला स्वच्छ दिसतो. त्यांच्यादेखत आपली चूक सांगावी, एवढ्यासाठीच हा विषय निवडला.