विषय इंग्रजी, माध्यम आपलं

(नशिराबाद येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



सकाळी हायवेवर उभं राहिलं की पिवळ्या स्कूलबस जाताना दिसतात. त्यांतल्या पुष्कळशा इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या. आत बसलेल्या लेकरांचे आईबाप काही श्रीमंत नाहीत. कुणी केळीच्या बागेत राबतं, कुणी कारखान्यात पाळी करतं. फीसाठी अंगावरचं सोनं मोडणारी घरं मी पाहिली आहेत. त्या आईबापांना नावं ठेवायला मी आलेलो नाही. हायकोर्टाचा निकाल इंग्रजीत येतो, इंजिनिअरिंगची पुस्तकं इंग्रजीत, परदेशी निघालेल्या केळीच्या कंटेनरची कागदपत्रंही इंग्रजीत. इंग्रजी हवीच. ती कशी यावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

चीनचं उदाहरण घेऊ. तिथल्या सरकारने 2001 मध्ये तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचं ठरवलं. बारावीनंतरच्या त्यांच्या प्रवेशपरीक्षेत, गावकाओत, बहुतेक प्रांतांत एकूण 750 गुण असतात. त्यांतले 150 इंग्रजीचे. गणिताला तेवढेच, चिनी भाषेलाही तेवढेच. कोट्यवधी पोरं इंग्रजीच्या मागे लागलेली. पण गणित, भौतिकशास्त्र, इतिहास ती शिकतात चिनीतच. इंग्रजी हा विषय, माध्यम नव्हे.

तिथेही सगळं आलबेल नाही. व्याकरण पाठ आणि तोंड बंद, अशा इंग्रजीला ते ‘मुकी इंग्रजी’ म्हणतात. लाजेची ही गाठ सोडवायला ली यांग नावाच्या गृहस्थांनी 1994 पासून लोकांना मैदानात उभं करून मोठमोठ्याने इंग्रजी बोलायला लावलं. सुट्टीच्या दिवशी बागेत जमून चुकतमाकत इंग्रजी बोलणारे ‘इंग्लिश कॉर्नर’ तर त्याआधीपासूनचे. पुढे शिकवण्यांचं ओझं इतकं वाढलं, की 2021 मध्ये सरकारला खासगी क्लासेसना वेसण घालावी लागली.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आली. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत ती आहेच. मग बस कशासाठी पकडायची? कारण तिथली इंग्रजी बोलती नाही, असं पालकांना वाटतं. पुष्कळदा ते खरंही असतं.

पण आपल्या लेकराची वाट किती लांबची आहे, हेही पाहा. घरात लेवा बोली किंवा अहिराणी, पुस्तकात प्रमाण मराठी. हे एक अंतर ते पोर आधीच चालून आलेलं असतं. उर्दू शाळेतल्या मुलांचं घर आणि पुस्तक यांतही असंच अंतर असतं. त्यात चौथ्या-पाचव्या वर्षी विज्ञानासकट सारंच इंग्रजीत आलं, तर धरायचं काय? इथून जवळच्या आसोद्यात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. पण शेतीचं, माणसांचं केवढं शहाणपण त्यांनी आपल्या बोलीत मांडलं! शहाणपणाला बोली पुरते, याचा एवढा मोठा पुरावा घराजवळ असताना आपणच तिची लाज बाळगावी, याचं मला फार वाईट वाटतं.

ओळखीच्या एका घरी इंग्रजी माध्यमातला सातवीचा मुलगा होता. त्याने फोटोसिंथेसिसची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. मी विचारलं, “म्हणजे काय रे?” तो गप्प. मग बांधावर नेऊन केळीचं पिवळं पान दाखवलं. पोरगं खुललं. पाणी तुंबलं की मुळं कशी गुदमरतात, करपा आधी खालच्या पानांवर कसा दिसतो, पिलं वेळेवर काढली नाहीत तर घड कसा लहान राहतो, सगळं त्याने बोलीत, हातवारे करत सांगितलं. त्याच्यात वैज्ञानिक होता. वर्गात त्याला बोलायला भाषाच दिली नव्हती.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मराठी आणि उर्दू शाळांतली इंग्रजी बोलती करा. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याने तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. पुढच्या बैठकीला जा आणि विचारा: इंग्रजीच्या तासाला मुलं स्वतः किती वेळ बोलतात? ऐकण्याबोलण्याची परीक्षा होते का? शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण कधी मिळालं? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.