मॅककेन आणि बुश : वारसा नाकारता येतो का?

(अमेरिकेतील निवडणुकांविषयी दिलेल्या एका व्याख्यानाचा संपादित अंश)



आज आपल्यापैकी अनेकांच्या घरातील मुलगा, मुलगी, भाचा वा पुतणी अमेरिकेत आहे. त्यामुळे तेथील राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आता आपल्या दिवाणखान्यात चर्चिली जाते. मात्र कोण जिंकले आणि कोण हरले, याची कहाणी सांगण्यासाठी मी उभा नाही. मला एक प्रश्न आपल्यासमोर ठेवायचा आहे. सत्तेवरील नेता जनतेच्या मनातून उतरला आहे, आणि त्याच्याच पक्षाचा नवा उमेदवार येऊन म्हणतो, 'मी त्यांच्यासारखा नाही.' त्याच्या या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा का? आणि ठेवायचा, तर कोणत्या कसोटीवर?

या प्रश्नासाठी २००८च्या निवडणुकीइतके उत्तम उदाहरण मिळणे कठीण. त्या वर्षी जॉर्ज बुश यांची लोकप्रियता रसातळाला गेली होती. ऑक्टोबर महिन्यात त्यांच्या कारभाराला पसंती देणारे नागरिक शेकडा २५च्या आसपास उरले होते. इराकचे युद्ध लांबले होते आणि अर्थव्यवस्था कोसळत होती. अशा वेळी रिपब्लिकन पक्षाने उमेदवारी दिली ती ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मॅककेन यांना.

हा माणूस सामान्य नव्हता. १९६७च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे विमान हनोईवर पाडले गेले आणि ते साडेपाच वर्षे युद्धकैदी होते. वडील नौदलातील मोठे अधिकारी, म्हणून शत्रूने लवकर सुटका देऊ केली. परंतु 'जे माझ्या आधी पकडले गेले, ते आधी सुटतील,' या नियमावर ते अढळ राहिले. २००० साली पक्षाच्या उमेदवारीसाठी त्यांनी बुश यांच्याशीच झुंज दिली, न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांचा पराभव केला आणि साउथ कॅरोलायनात स्वतः हरले. तेव्हा, बुश यांची सावली म्हणून त्यांना हिणवणे सोपे नव्हते.

त्यांचे मतभेदही केवळ तोंडचे नव्हते. २००१ साली बुश यांच्या करकपातीच्या विरोधात मत देणारे रिपब्लिकन सिनेटर केवळ दोन होते. त्यांतील एक मॅककेन. २००३ साली हवामानबदलावर त्यांनी जो लिबरमन यांच्यासह विधेयक आणले. ते ४३ विरुद्ध ५५ मतांनी फेटाळले गेले. २००५ साली कैद्यांच्या छळाला बंदी घालणारी त्यांची दुरुस्ती प्रशासनाचा विरोध असतानाही सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी स्वीकारली. ज्याने स्वतः छळ सोसला, त्याचा तो शब्द होता.

मग प्रतिपक्षाने काय केले? बराक ओबामा यांनी एकच आकडा घराघरात पोहोचवला : मॅककेन यांनी ९० टक्के वेळा बुश यांच्या बाजूने मत दिले! हा आकडा खोटा नव्हता, पण तो कसा तयार होतो हे समजून घेतले पाहिजे. राष्ट्राध्यक्षाने ज्या विषयांवर आपली भूमिका स्पष्ट केली आहे, तेवढीच मतदाने त्यात मोजली जातात. एखादी नेहमीची नेमणूक आणि युद्धाचा ठराव, दोन्हींचे वजन सारखेच धरले जाते. शिवाय २००५ साली हे प्रमाण ७७ टक्के होते आणि २००७ साली ९५. म्हणजे खरा बोध सरासरीत नाही, दिशेत आहे. उमेदवारी जवळ आली तशी वेगळेपणाची धार बोथट होत गेली.

करकपातीचेच पाहा. जिला २००१ आणि २००३ साली विरोध केला, ती कायम करण्याचे वचन २००८च्या प्रचारात दिले गेले. २००८च्या फेब्रुवारीत गुप्तचर यंत्रणेलाही लष्कराच्या चौकशी-नियमांत बांधणारे विधेयक आले, तेव्हा मॅककेन यांनी विरोधात मत दिले. छळाला आपला विरोध कायम आहे, पण यंत्रणेला लष्करी पुस्तिकेत बांधू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद विचारार्ह असेल. तथापि बुश यांनी नकाराधिकार वापरून तेच विधेयक रोखले, तेव्हा दोघांतील अंतर सामान्य मतदाराला कसे दिसावे?

असे का घडले? त्याला केवळ संधिसाधूपणा म्हणणे अन्यायाचे होईल. उमेदवारी पक्षाचे मतदार देतात. जो पक्षापासून फार दूर जातो त्याला उमेदवारी मिळत नाही, आणि जो फार जवळ येतो त्याला देशाचे बहुमत मिळत नाही. मॅककेन या कात्रीत सापडले.

आता इराक. येथे त्यांचा बुश यांच्याशी खरा मतभेद होता. संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्यावर त्यांनी उघड टीका केली. सैन्य अपुरे आहे, असे ते वर्षानुवर्षे सांगत होते. २००७च्या जानेवारीत बुश यांनी सैन्यवाढ जाहीर केली, ती मॅककेन यांच्याच मागणीच्या दिशेने होती. निवडणूक गमावली तरी चालेल, युद्ध गमावता कामा नये, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. पण येथेच मर्म आहे. जनतेला युद्धातून बाहेर पडायचे होते आणि मॅककेन यांचे वेगळेपण युद्ध अधिक नेटाने लढण्याचे होते. वेगळेपण होते, मात्र लोकांना हव्या असलेल्या दिशेच्या ते नेमके उलट होते.

उरली अर्थव्यवस्था. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही बँक दिवाळखोरीत गेली, आणि त्याच दिवशी मॅककेन यांनी अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम असल्याचे सांगितले. पुढे बुश प्रशासनाच्या ७०० अब्ज डॉलरच्या योजनेला त्यांनी मत दिले. ओबामा यांनीही दिले; पण ओबामांना तो वारसा चिकटला नाही. १५ ऑक्टोबरच्या अखेरच्या वादविवादात मॅककेन यांनी आपण बुश नाही, असे ठणकावून सांगितले. तोवर उशीर झाला होता. निकाल लागला : ओबामा ३६५, मॅककेन १७३.

हा प्रश्न एकट्या मॅककेन यांचा नव्हे. १९६८ साली उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री जॉन्सन यांच्या व्हिएतनाम धोरणापासून अंतर ठेवू धजेनात. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीतून त्यांनी बॉम्बहल्ले थांबवण्याची तयारी दाखवली आणि वारे फिरू लागले. तरी एक टक्क्याहूनही कमी मतांनी ते हरले. २०२४ साली कमला हॅरिस यांना दूरचित्रवाणीवर विचारले गेले की, बायडेन यांच्याहून वेगळे काय केले असते? काहीच सुचत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि तेच उत्तर त्यांच्याविरुद्ध प्रचाराचे शस्त्र ठरले. याउलट फ्रान्समध्ये २००७ साली निकोला सार्कोझी यांनी शिराक यांच्या सरकारात मंत्री असतानाच जुन्या वाटेपासून फारकतीची भाषा सुरू केली होती. ते त्याच पक्षातून ५३ टक्के मते मिळवून जिंकले.

यावरून मला तीन कसोट्या दिसतात. पहिली : मतभेद केव्हा व्यक्त झाला? नेता बलवान असताना, की पडता काळ आल्यावर? दुसरी : त्याची किंमत मोजली का? तिसरी आणि सर्वांत कठोर : ज्या विषयामुळे लोक संतप्त आहेत, नेमक्या त्याच विषयावर तो मतभेद आहे का? मॅककेन पहिल्या दोन कसोट्यांना बव्हंशी उतरले. तिसरीला उतरले नाहीत. म्हणून माझा निष्कर्ष असा : मॅककेन हा माणूस बुश यांच्याहून निश्चित वेगळा होता, मॅककेन यांची उमेदवारी पुरेशी वेगळी नव्हती. मतदार माणूस निवडतो, पण त्याच्यासोबत पक्ष, सल्लागार आणि नेमणुकांची मोठी फळीही निवडत असतो. अमेरिकन मतदाराने हे ओळखले, यात त्याची कृतघ्नता नाही.

एका गोष्टीने समारोप करतो. पराभवाच्या रात्री मॅककेन यांनी अपयश आपले आहे, समर्थकांचे नाही, असे सांगितले. बुश यांच्यावर खापर फोडले नाही. २०१७च्या जुलैत स्वपक्षाच्या आरोग्यविमा विधेयकाविरुद्ध त्यांनी निर्णायक मत दिले, तेव्हा ते कर्करोगाशी झुंजत होते. २०१८च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्याच इच्छेनुसार वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना दोघांनी श्रद्धांजली वाहिली : ज्यांनी त्यांना २००० साली हरवले ते बुश, आणि ज्यांनी २००८ साली हरवले ते ओबामा.

कोणत्याही पक्षात, कोणत्याही संस्थेत काम करणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे : निष्ठा म्हणजे मौन नव्हे. जे पटत नाही ते वेळेवर, घरातच आणि स्पष्ट शब्दांत सांगावे. निवडणुकीच्या तोंडावर सांगितलेले सत्यही लोकांना सबब वाटते.