साय यंगचं पोस्टकार्ड

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं एक लहानसं गाव आहे. बेसबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’ १९३९ साली तिथंच उघडलं. नामांकित खेळाडूंचे ब्राँझचे फलक तिथल्या भिंतींवर आहेत आणि त्याच फलकांची चित्रं असलेली पोस्टकार्डं संग्रहालय विकतं. कार्ड स्वस्तच, पण त्यावर खुद्द त्या खेळाडूची सही असली की त्याचा भाव कुठल्या कुठे जातो.

साय यंगचंच कार्ड घ्या. नाव डेंटन, गाव ओहायो राज्यातलं. चेंडू असा सुटायचा, की लोक त्याला ‘सायक्लोन’ म्हणू लागले. त्याचंच पुढं ‘साय’ झालं. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि जिंकलेला सामना त्याच्या नावावर मांडला जातो. यंगच्या नावावर असे ५११ विजय आहेत. दुसऱ्या क्रमांकावरच्या वॉल्टर जॉन्सनचे ४१७!

५ मे १९०४ रोजी बोस्टनकडून खेळताना यंगनं फिलाडेल्फियाचे २७ फलंदाज ओळीनं बाद केले. एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिलं नाही. फलकावर या सामन्याची नोंद आहे, म्हणून ती कार्डावरही आली.

आता खरी गंमत. ही कार्डं काळाप्रमाणे बदलत गेली. आधीची काळी-पांढरी; पिवळ्या पार्श्वभूमीची रंगीत कार्डं आली ती १९६४ पासून. यंग वारला नोव्हेंबर १९५५ मध्ये, ८८ व्या वर्षी. म्हणजे पिवळ्या कार्डावर यंगची सही दिसली, तर अक्षर तपासत बसायचं कारणच नाही. ती बनावट!

उलट सॅचेल पेजचं. वर्णभेदामुळे या कृष्णवर्णीय पिचरला मोठ्या लीगचं दार थेट १९४८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी उघडलं. हॉल ऑफ फेममध्ये तो १९७१ साली आला आणि १९८२ पर्यंत हयात होता. त्यामुळे त्याची सही पिवळ्या कार्डावरच शोभते.

आणि क्रिस्टी मॅथ्यूसन? पहिल्या पाच मानकऱ्यांतला हा पिचर १९२५ सालीच वारला, निवड १९३६ ची. त्याच्या सहीचं फलक-कार्ड कुणी पुढं केलं, तर किंमत विचारायच्या भानगडीत पडू नका.